पिंपळाभोवतीचे रूळ

सुधाताईंनी जन्मात कधी नेम मोडला नव्हता. मोडले असतील तर नेमाच्या आड आलेले लोकांचे बेत. धाकट्या बहिणीच्या लग्नात पंगतीतून जिलबीची ताटं फिरत होती, आणि नवरीची सख्खी बहीण कोपऱ्यात वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घेऊन बसली होती. कारण त्या दिवशी एकादशी. बरं, रागवावं तरी कसं? त्या आवाज चढवत नसत, वाद घालत नसत. "आज माझा नेम आहे हो," एवढंच हळू म्हणत, आणि समोरच्याचं बोलणं तिथंच खुंटे.

२०१८ साली ज्येष्ठ अधिक आला. तीन वर्षांनी येणारा महिना, तो रिकामा कसा घालवायचा? सुधाताईंनी संकल्प सोडला: महिनाभर एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि रोज ऊन उतरल्यावर पिंपळाला तेहतीस प्रदक्षिणा. पिंपळ लांब नव्हता. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला त्यांचं घर, तिथून दहा मिनिटांवर लक्ष्मीनारायणाचं लहानसं देऊळ, आणि देवळासमोर कमरेएवढा पार बांधलेला पिंपळ.

अडचण पिंपळाची नव्हती, शांतारामरावांची होती.

शांतारामराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढचे सगळे डबे जागेवर आहेत ना, हे बघण्यात गेली. त्या छत्तीस वर्षांत घराचं सगळं सुधाताईंनी एकटीनं केलं. बँक, बाजार, पोरीची शाळा, सासूबाईंचं दुखणं, कशासाठी त्यांना सोबत लागली नाही. आता निवृत्तीनं गाडी हातची गेली, आणि त्याच सुमाराला सुधाताईंना फिट आली. पहिली माघात, घरीच. दुसरी चैत्रात, शेजारच्या जयश्रीकडे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. हातात आंब्याच्या डाळीची वाटी होती ती उडून थेट गौरीपुढच्या कलिंगडावर. जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणली आणि सुधाताईंच्या नाकाला लावली. शुद्धीवर आल्यावर त्यांना फिटेपेक्षा त्या चपलेचंच जास्त वाईट वाटलं. नंतर सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं, "पित्त झालं होतं."

वलसाडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. रोज दोन, जेवणानंतर. आणि शांतारामरावांनी आपली जुनी ड्यूटी नव्यानं सुरू केली. सुधाताई भाजीला निघाल्या की हे दहा पावलं मागे. देवळात गेल्या की हे चपलांपाशी. आंघोळीला गेल्या तरी बाहेरून दर दोन मिनिटांनी खाकरणं.

"अहो, मी काय मालगाडी आहे का?" एके दिवशी सुधाताई म्हणाल्या.

"मालगाडी बरी," शांतारामराव म्हणाले. "ती सांगितल्याशिवाय रुळावरून उतरत नाही."

प्रदक्षिणांचा विषय निघाला तेव्हा मात्र सुधाताई हटल्या नाहीत. एकटी जाईन म्हणाल्या. रागानं नव्हे, नेहमीच्याच मऊ आवाजात. पण शांतारामरावांना तो आवाज लग्नापासून ठाऊक होता. शेवटी तह झाला.

"अमावास्येपर्यंत एकटी जा," ते म्हणाले. "महिन्यात एकदाही पडली नाहीस, तर पुढं कुठंही जा, मी विचारणार नाही. पण एकदा जरी पडलीस ना, तर माझ्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कबूल?"

"कबूल," सुधाताई म्हणाल्या. देवासमोर म्हणाल्या, म्हणजे तोही नेमच झाला.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी विसाव्या प्रदक्षिणेला पिंपळ जरा सरकल्यासारखा वाटला. पाचव्या दिवशी एकाचे दोन पिंपळ दिसायला लागले, आणि नेमकी कुणाला प्रदक्षिणा घालायची ते कळेना. पाय टाकावा एकीकडे, पडावा दुसरीकडे. शनिवार असता तर खोडाला हात लावून उभं राहता आलं असतं. पण पिंपळाला शनिवारीच शिवायचं, एरवी नाही, हे सुधाताईंनीच अर्ध्या गावाला शिकवलेलं. त्या पाराची कड धरत, सोडत, कशाबशा तेहतीस पुऱ्या करून घरी येत, आणि दाराशी येताच पदर सावरून अगदी सरळ चालत.

"ठीक?" शांतारामराव विचारत.

"ठीक," सुधाताई म्हणत. खोटं नव्हतं ते. पडल्या नव्हत्या.

सहाव्या दिवशी मात्र गंमत झाली. पाराच्या सावलीत बारकी नावाची बाई ताडगोळे विकायला बसायची. तलासरीकडच्या पाड्यावरून सकाळी जीपनं यायची, संध्याकाळी टोपली रिकामी करून जायची. सुधाताई पिंपळाला वळसा घालायला गेल्या, पायांनी वळसा घातलाच नाही, त्या सरळ गेल्या आणि बारकीच्या ताडगोळ्यांच्या ढिगात उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत, हे खरं. पण ताडगोळे चारी दिशांना पांगले. एक तर गडगडत देवळाच्या पायरीपर्यंत गेला.

"देवाला पोचला गो बाय तुझा परसाद!" बारकी हसत ओरडली.

ताडगोळे गोळा करायला चार माणसं धावली, आणि जितक्या वेगानं ताडगोळे गोळा झाले त्याच्या दुप्पट वेगानं बातमी पांगली. डहाणूची हवा अशी, की इथं माणूस तोल जाऊन चालला तर त्याला काय झालंय असं कुणी विचारत नाही. कुठल्या झाडाची होती, असं विचारतात. दुसऱ्या दिवशी भजनाला जयश्रीनं टाळ वाजवता वाजवता कानाशी तोंड आणलं.

"सुधाताई, रागावू नका, पण लोक काय वाट्टेल ते बोलतात हो. म्हणे एकभुक्त वगैरे ठीक आहे, पण पाण्याऐवजी काय पितात ते विचारा."

सुधाताईंच्या हातातला टाळ थांबला. छप्पन्न वर्षांत ज्यांनी चहासुद्धा सणावारी घेतला, त्यांच्या नावाला ताडी चिकटली!

"उपासाची चक्कर आहे गं," त्या पुटपुटल्या.

"मी तेच सांगितलं सगळ्यांना," जयश्री म्हणाली. तिनं तेच सांगितलं असेल, पण कसल्या स्वरात सांगितलं असेल ते सुधाताईंना न ऐकताही ऐकू आलं.

ती बातमी शांतारामरावांपर्यंत चहाच्या टपरीवर पोचली. ताडीच्या गोष्टीवर ते मोठ्यानं हसले. पण घरी येईपर्यंत ते हसू उरलं नव्हतं.

"सुधा, तू तिथं डोलतेस म्हणे."

"पडले नाही मी."

"पडली नाहीस, ते कळलं. पडशील. मी उद्यापासून येतो."

"अहो, कबूल झालंय आपलं."

शांतारामरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द दिला होता, त्यांचाही नेम होता एका अर्थी. पण त्यांचं ते मिटलेलं तोंड बघून सुधाताईंना कळलं, की आता दोरी फार ताणली गेली आहे. आणखी एक ताडगोळा गडगडला तर संपलं.

त्यांनी विचार केला. डोलणं कशानं होतं? चैत्रातल्या फिटेआधी कधी झालं नव्हतं. उपास तर जन्मभर करत आल्या, चातुर्मासच्या चातुर्मास काढले, तेव्हा कधी दोन पिंपळ दिसले नाहीत. नवीन आलं ते एकच, गोळ्या. मग सरळ होतं. अमावास्येपर्यंत गोळ्या बंद. फक्त तीन आठवडे. देव बघून घेईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्य झाला, जेवण झालं, आणि घड्याळात एक वीस झाले. रोज एक वीसला शांतारामराव हातावर दोन गोळ्या आणि पाण्याचं भांडं घेऊन उभे राहायचे, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. सुधाताईंनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायल्या, पदराआड हात नेला आणि दोन्ही गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या. नवऱ्याला फसवायची ही पहिलीच वेळ. देव्हाऱ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

संध्याकाळी पावलं बरीच बरी पडत होती. पंधरा प्रदक्षिणा झाल्या, सोळावी झाली. बारकी टोपलीवरचं ओलं फडकं पिळता पिळता त्यांच्या पायांकडे बघत होती.

"बाय, आज सरळ चालतेस गो."

सुधाताईंना वाटलं आता ताडीचा टोमणा येणार. "मी काही पीत नाही हो," त्या म्हणाल्या.

"ते काय मला सांगतेस?" बारकीनं हात झटकला. "ताडी पिलेली माणसं मी लहानपणापासून बघतेय. माझा बाप, माझा सासरा, सगळा पाडा. ताडीवाला पुढं-मागं झुलतो, आन् गातो. तू बाजूला जातेस, आन् तोंड मिटून जातेस. ताडीची चाल ही नाय. ही गोळीची चाल हाय."

सुधाताई थांबल्याच. सतरावी प्रदक्षिणा अर्ध्यात राहिली.

"आमचा लक्ष्या, माझा दीर," बारकी म्हणाली, "त्याला फेपरं येतात. दवाखान्यातून गोळ्या आणतो. पयल्यांदा असाच चालायचा, शेतात बांध सोडून खाचरात. मंग सवयीनं आला नीट."

"मग आता बरा आहे तो?"

"आता बरा. पण मधी त्याला शहाणपण सुचला. बरा झालो म्हणाला, टाकल्या गोळ्या. सातव्या दिशी चुलीपाशी बसला होता तर फेपरं आला, हात गेला इस्तवात." बारकीनं आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट ओढलं. "एवढा भाजला. आता सासू रोज त्याच्या तोंडात बघते, गिळली का म्हणून."

सुधाताईंचा हात आपोआप पदराच्या गाठीवर गेला. बारकीनं ते पाहिलं. तिला ताडगोळ्यातलं पाणी न फोडता कळायचं, गाठीतल्या गोळ्या कळायला कितीसा वेळ?

"किती टाकल्यास?"

"आजच्याच. दोन."

"दोन? दुपारच्याला दोन? लक्ष्या तर एक सकाळी घेतो, एक राती."

"मलाही दोनच आहेत दिवसाला. पण जेवणानंतर घ्यायच्या आहेत ना? आणि मी या महिन्यात एकदाच जेवते. मग एका जेवणानंतर दोन्ही घेते."

बारकी बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हसू आलं, मग पोटाला, मग ती टोपली धरून अशी हसली की देवळातून पुजारी डोकावले.

"अगो बाय! जेवण एक म्हणून गोळ्या दोन! मंग निर्जळी एकादशी धरलीस तर दुसऱ्या दिशी चार घेशील काय?"

सुधाताईंनी तोंडावर पदर धरला. आपण काय केलं ते त्यांना त्या एका वाक्यात लख्ख दिसलं. चैत्र-वैशाखात सकाळी न्याहारीनंतर एक आणि रात्री जेवणानंतर एक घेत होत्या तेव्हा कुठं पिंपळ सरकत होता? सरकायला लागला तो अधिक महिना लागल्यावर. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना थोडं रडूही आलं.

आता पेच होता. घरी सांगावं, तर शांतारामराव म्हणणार, बघ, म्हणून मी म्हणत होतो, आजपासून बंद. न सांगावं, तर लक्ष्याचा हात डोळ्यांपुढून जात नव्हता. उरलेल्या प्रदक्षिणा त्यांनी फार हळू घातल्या. शेवटच्या प्रदक्षिणेला त्या देवाला म्हणाल्या, "मला एकटीनं फिरायचं होतं. पण फसवून नको." आणि घरी गेल्या.

शांतारामराव ओट्यावर बसले होते. सुधाताईंनी पदराची गाठ सोडून दोन्ही गोळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डोलणं, दोन पिंपळ, गोळ्या टाकणं, बारकी, लक्ष्या, एक जेवण आणि दोन गोळ्या. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभ्या राहिल्या.

शांतारामरावांनी दोन्ही गोळ्या उचलून तळहातावर घेतल्या. मग म्हणाले, "रोज एक वीसला दोन गोळ्या हातावर कोण ठेवत होतं?"

सुधाताईंनी वर पाहिलं.

"मीच ना?" ते म्हणाले. "छत्तीस वर्षं लाल आणि हिरव्यात गफलत केली नाही, आणि इथं दोन्ही सिग्नल एकदम दिले."

त्यांनी लगेच वलसाडला फोन लावला. डॉक्टर मिळाले. पलीकडून जे काही आलं ते ऐकताना शांतारामराव, साहेबांसमोर उभे राहायचे तसे, उभे राहिले. "हो... हो साहेब... नाही साहेब, शिकलेले आहोत आम्ही... हो, दोघंही." मग फोन ठेवून घाम पुसला.

"आत्ता एकच घ्यायची. उद्यापासून सकाळी एक, रात्री एक. एकदम दोन कधीच नाही, आणि आपल्या मनानं बंद तर त्याहून नाही. रिकाम्या पोटी नको म्हणाले, दूध चालेल."

"पण माझं एकभुक्त!" सुधाताईंचा चेहरा पडला.

"सुधा," शांतारामराव म्हणाले, "पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, हे शास्त्र मला कोणी सांगितलं? दर हळदीकुंकवाला बायकांना कोण सांगतं?"

"मीच."

"मग?"

दुसऱ्यांना सोपं सांगायचं आणि स्वतःला अवघड धरायचं, ही सुधाताईंची जुनी खोड. त्यांनी पेलाभर दूध घेतलं, घोलवडचा एक चिकू खाल्ला, गोळी घेतली. फळ, दूध, औषध, तिन्ही शास्त्रातलं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तोल लगेच पूर्ण सावरणार नाही, शरीराला वेळ लागेल. पंधरा दिवसांनी आणून दाखवा, गरज पडली तर दुसऱ्या तऱ्हेची गोळी देऊ. तोवर उठताना सावकाश उठा, पायांत अंतर ठेवून चाला, एकदम वळू नका, वळण्याआधी थांबा. आता शांतारामराव 'बंद' म्हणतील म्हणून सुधाताई वाट बघत होत्या. ते काही म्हणाले नाहीत. चूक अर्धी त्यांची होती, आणि गार्डाची नोकरी केलेला माणूस आपल्या चुकीची नोंद दुसऱ्याच्या नावावर टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रांगोळीची पिशवी घेऊन एकटेच बाहेर पडले. संध्याकाळी सुधाताई पिंपळाशी गेल्या तर पाराभोवती दोन पांढऱ्या रेषा, एकीपासून दुसरी वीतभर लांब, सबंध गोल फिरून आलेल्या. चार दिशांना चार आडव्या रेघा.

"उजवा पाय आतल्या रेषेवर, डावा बाहेरच्या," शांतारामराव म्हणाले. "या चार ठिकाणी थांबायचं, पारावर तळवा टेकायचा, एक श्वास, मग पुढं. नजर पायांकडे नाही, समोर."

"हे रूळ आहेत की काय?"

"ते तू ठरव. मी चाललो." आणि खरंच गेले. निदान चहाच्या टपरीपर्यंत.

रूळ चांगले निघाले. पायांत अंतर पडलं की कमरेला धीर येई. वळण्याआधी थांबलं की डोकं आणि पाय एकाच वेळी वळत. पाचव्या-सहाव्या दिवशी दुसरा पिंपळ दिसेनासा झाला. थोडा झोल राहिला, रोज संध्याकाळी घरी परतताना कोपऱ्यावर रस्ता उगीच एका बाजूला कलल्यासारखा वाटे. तेव्हा सुधाताई थांबत, 'पुरुषोत्तमा' म्हणत, श्वास घेत आणि पुढं जात. वाऱ्यानं रेषा विस्कटल्या की त्या स्वतःच पुन्हा काढत. हात थोडा हले, रेषा थोडी वाकडी येई. पिंपळाला त्याचं काही नव्हतं.

पण लोकांना होतं. सुधाताई म्हणजे त्या भागातला व्रतांचा कोश. एका बाईनं काही न विचारता त्यांच्यामागं रेषेवर पाय ठेवला. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या. जयश्रीनं आडव्या रेघांवर हळदकुंकू वाहिलं. चार थांब्यांना तिनं चार नावंही देऊन टाकली: धर्म, अर्थ, काम, मोक्ष. अकरा-बारा दिवसांत वीस-बावीस बायका पाय फाकवून, समोर एकटक बघत, चार ठिकाणी पारावर तळवा टेकून मोठा श्वास घेत फिरायला लागल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं बदकांची दिंडी निघाली आहे.

सुधाताईंना वाटलं होतं त्या हौसेनं सोबत करताहेत. डोळे उघडले ते अमावास्येच्या आदल्या दिवशी, घोलवडहून एक बाई आगगाडीनं आल्या तेव्हा. हातात चिकूंची पिशवी, पाटी घेऊन आलेल्या विद्यार्थ्यासारखा चेहरा.

"ताई, तुमची ती दुहेरी प्रदक्षिणा शिकायची आहे. आमच्याकडे सगळ्यांनी धरायचं ठरवलंय. थांब्यावर श्वास किती वेळ धरायचा, ते शास्त्र सांगा."

जयश्री पुढं झाली. "मोक्षाला जरा जास्त धरायचा."

सुधाताईंचे कान तापले. देवाच्या दारात, आपल्या नावावर, नसलेलं शास्त्र चाललंय! आणि खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. पित्त नव्हतं, फिट होती. ही बाई घोलवडला सांगेल, जयश्री डहाणूला सांगेल. पुढच्या हळदीकुंकवाला बोलावतील का, की आधीच चप्पल काढून ठेवतील? क्षणभर वाटलं, उद्याचा एकच तर दिवस आहे. चालू दे.

मग त्या पाराच्या कडेला टेकल्या. नेहमीपेक्षाही हळू बोलल्या, त्यामुळे सगळ्याजणी जवळ आल्या.

"बायांनो, हे शास्त्र नाही. या माझ्या गोळ्या आहेत."

त्यांनी सगळं सांगितलं. फिट, गोळ्या, एका जेवणाला दोन गोळ्या, रांगोळीचे रूळ. घोलवडच्या बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पाराच्या सावलीतून बारकीचं हसणं तेवढं ऐकू आलं.

"म्हणजे मोक्ष वगैरे काही नाही?" जयश्रीनं विचारलं. तिचा चेहरा असा झाला, जणू तिच्या हातून मोक्षच कोणी काढून घेतला.

"तो थांबा वळताना तोल जाऊ नये म्हणून आहे गं."

जयश्रीनं थोडा विचार केला. "काही असो," ती म्हणाली, "माझे गुडघे पंधरा दिवसांत दुखले नाहीत. मी अशीच घालणार."

"मला ब्लड प्रेशरच्या गोळीनं गरगरतं," मागून कुणीतरी म्हणालं. "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मला तर नुसतं उठलं तरी गरगरतं!"

मग जे सुरू झालं ते भजन नव्हतं आणि प्रदक्षिणाही नव्हती. कोणाला कसली गोळी, कुठल्या रंगाची, कधी घ्यायची, कोण विसरतं, कोण नवऱ्याच्या गोळ्या चुकून घेतं. घोलवडच्या बाईंना तर आपल्या सुनेबद्दल विचारायचं होतं, तिलाही फिटा येतात आणि घरच्यांनी तिला वर्षभर कुठं बाहेर धाडलेलं नाही. सुधाताईंनी त्यांना बाजूला बसवून डॉक्टरांचा नंबर दिला, आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे तीनदा सांगितलं. चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं, हेही सांगितलं. तेव्हा जयश्री पिंपळाच्या पानांकडे बघत होती.

अमावास्येला गर्दी मोठी होती. शांतारामराव आज टपरीवर न थांबता देवळाच्या पायरीवर येऊन बसले. शेवटचा दिवस, काय व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे. पुढं जयश्री, तिच्यामागं सुधाताई, मागं बायकांची रांग. एकतिसावी प्रदक्षिणा चालू होती आणि जयश्री मागं वळून कोणाला तरी काही सांगायला गेली. थांब्यावर थांबायचं विसरली, पाय साडीत गुंतला आणि ती मागच्या मागं सुधाताईंवर आली. जयश्रीचं वजन काही नैवेद्याच्या ताटाएवढं नव्हतं. मागच्या बायका ओरडल्या. शांतारामराव पायरीवरून उठले.

सुधाताई हलल्या, एका बाजूला झुकल्या, आणि राहिल्या. पाय रुंद रोवलेले, एक हात पारावर, दुसऱ्या हातानं जयश्रीची बगल धरलेली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी श्वास घे. मग उठ."

जयश्री उठली, कुंकू सावरलं, आणि म्हणाली, "मी तुम्हाला धरलं म्हणून बरं झालं हो सुधाताई."

शांतारामराव पुन्हा बसले. शेवटच्या दोन प्रदक्षिणा त्यांनी बघितल्याच नाहीत. शेजारी बारकीकडून ताडगोळे सोलून घेत होते.

तेहतीस पूर्ण झाल्या. सुधाताईंनी देवाला नमस्कार केला आणि सवयीनं नवऱ्याबरोबर घरी निघायला पायरीशी आल्या. शांतारामराव ताडगोळ्यांचा द्रोण घेऊन उठले.

"मी पुढं होतो," ते म्हणाले. "उद्या तुझं पारणं. घरात कोथिंबीर नाही. बाजारातून घेऊन ये."

सुधाताई बघत राहिल्या. "बाजार स्टेशनच्या पलीकडे आहे. पूल चढावा लागतो."

"माहीत आहे मला पूल कुठं आहे. कठडा धरून जा." चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, "आणि लिंबंही आण," पण वळले नाहीत.

सुधाताई पुलाच्या पायऱ्या कठडा धरून चढल्या. मध्ये एकदा थांबल्या, पुढं गेल्या. बाजारात दिवे नुकते लागत होते. कोथिंबीरवालीच्या हाऱ्यापाशी त्यांनी एक जुडी उचलली, वास घेतला, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. तिसरीची मुळं ओली होती.

"ताई, घ्यायची की नुसती हुंगायची?" भाजीवाली म्हणाली.

"घ्यायची गं," सुधाताई म्हणाल्या. "बघू दे की जरा." आणि त्यांनी चौथी जुडी हातात घेतली.